आदल्या दिवशीचा शेरा

राहुल द्रविड यांचे नाव निघाले की बसवनगुडीतील आम्हा मराठी मंडळींत दोन तट पडतात. एका तटाच्या मते ते आपले, म्हणून त्यांच्या हातून चूक होणे शक्यच नाही. दुसऱ्या तटाच्या मते ते आपले, म्हणूनच त्यांची गय करता कामा नये. दोन्ही तटांचा आरंभ ‘आपले’ ह्या एकाच शब्दापासून होतो, आणि मला वाटते, घोटाळाही तेथेच होतो. नोव्हेंबर २०२१ पासून जून २०२४ पर्यंत द्रविड भारतीय पुरुष क्रिकेट संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. ह्या अवधीत संघ एकदा ओळीने दहा सामने जिंकला, आणि एकदा प्रतिपक्षाचा एकही गडी बाद न करता हरला. अशा कारकिर्दीला गुण द्यावयाचे कसे, हा प्रश्न केवळ क्रिकेटचा नाही. वर्षाच्या अखेरीस ज्यांच्या कामावर दुसरा कोणी शेरा लिहितो, अशा आपणा सर्वांचाच तो प्रश्न आहे.

‘आपले’ म्हणावयाला आधार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. द्रविड यांचा जन्म ११ जानेवारी १९७३ रोजी इंदूर येथे मराठी घरात झाला. वाढले मात्र ते बंगळूरला. वडील जॅम-मुरंबे करणाऱ्या कंपनीत नोकरीला, आई विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुकलेच्या प्राध्यापिका. म्हणजे घर आपल्यासारखेच, नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडून आलेल्यांचे. परंतु कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे कन्नड सहकारी, ज्यांच्या तीन पिढ्या ह्याच पेठेत गेल्या, ते हा दावा हसून परतवतात. “सार, घरात ते मराठी बोलत असतील, पण ऑफ-स्टंपबाहेरचा चेंडू सोडून द्यायला ते इथंच शिकले ना?” ह्यावर उत्तर नाही. १६४ कसोटी सामन्यांत १३,२८८ धावा करणाऱ्या फलंदाजाचे निम्मे मोठेपण त्याने न खेळलेल्या चेंडूंत आहे, हे कोण नाकारील?

तसे पाहिले तर बसवनगुडीला द्रविड यांच्यावर हक्क सांगण्याची गरजही नाही. तिचे स्वतःचे अनिल कुंबळे आहेत. ह्याच पेठेतील नॅशनल हायस्कुलात शिकलेले कुंबळे २०१६ साली भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या एका वर्षाच्या कारकिर्दीत संघ १७ कसोटी सामने खेळला. त्यांपैकी १२ जिंकले, ४ अनिर्णित राहिले आणि एकच हरला. आकड्यांच्या हिशेबात ह्याहून उजळ वर्ष सापडणे कठीण. तथापि जून २०१७ मध्ये चँपियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १८० धावांनी पराभव झाला, आणि दोनच दिवसांनी कुंबळे यांनी राजीनामा दिला. कर्णधाराला त्यांची कामाची रीत मानवत नव्हती, हे त्यांनी स्वतःच जाहीर केले. कुंबळे यांचे जाणे मला नेहमी एक गोष्ट शिकवते: प्रशिक्षकाची किंमत केवळ निकालावर ठरत असती तर ते गेले नसते; आणि ती निकालावर मुळीच ठरत नसती, तर द्रविड यांच्याविषयी इतका वाद माजला नसता.

क्रिकेटमध्ये प्रशिक्षकाचे पद मुळातच थोडे संदिग्ध आहे. फुटबॉलचा शिक्षक मैदानाच्या कडेला उभा राहून हातवारे करतो, खेळाडू बदलतो, डाव फिरवतो. क्रिकेटमध्ये एकदा नाणेफेक झाली की सत्ता कर्णधाराची. संघ निवडते निवड समिती, चेंडू कोणी टाकावा हे ठरवतो कर्णधार, आणि पराभवाचे स्पष्टीकरण द्यावयाला पुष्कळदा पुढे बसतो तो प्रशिक्षक. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड हे दोन्ही मुलूख जिंकले, तेव्हा ‘मुख्य प्रशिक्षक’ हे पदच नव्हते; इंग्लंडच्या दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून हेमू अधिकारी गेले होते, इतकेच. पुढे १९९२ नंतर वाडेकर स्वतः संघाचे व्यवस्थापक झाले, आणि २००० साली न्यूझीलंडचे जॉन राइट आले तेव्हा परदेशी प्रशिक्षकाची प्रथा पडली. अधिकार मर्यादित आणि जबाबदारी अमर्याद, असे हे पद आहे. आपल्यापैकी पुष्कळांना अशा पदाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

आता कारकिर्दीचा पट नीट मांडून पाहू. आरंभ न्यूझीलंडच्या दौऱ्याने झाला. कानपूरच्या कसोटीत शेवटच्या दिवशी केवळ एक गडी बाद करावयाचा राहिला, आणि रचिन रवींद्र व एजाझ पटेल ह्या अखेरच्या जोडीने सामना वाचविला. जे दोघे भारताच्या आड आले त्यांपैकी एकाचे आईवडील बंगळूरचे आणि दुसऱ्याचा जन्म मुंबईचा, हा योग आमच्या पेठेत बरेच दिवस चर्चेला पुरला. लगेच पुढच्या मुंबईच्या कसोटीत ह्याच पटेलने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, तरीही भारताने ३७२ धावांनी सामना जिंकला. डिसेंबर २०२१ मध्ये सेंच्युरियनला भारत ११३ धावांनी विजयी झाला; त्या मैदानावर आशियातील कोणत्याही संघाने कसोटी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. परंतु त्यानंतर जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेने २४० आणि केप टाउनला २१२ धावांचे लक्ष्य प्रत्येकी तीनच गडी गमावून गाठले, आणि मालिका हातची गेली. जुलै २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला तर पहिल्या डावात १३२ धावांची आघाडी असूनही इंग्लंडने ३७८ धावा तीन गड्यांच्या मोबदल्यात काढल्या. चारही ठिकाणी रोग एकच दिसतो: चौथ्या डावात हातातोंडाशी आलेला घास गोलंदाजांना पुरा करता आला नाही.

वीस षटकांच्या खेळात निराळीच कथा. २०२२ च्या आशिया चषकात पाकिस्तान व श्रीलंका ह्यांच्याकडून हरल्यामुळे अंतिम फेरीही गाठता आली नाही. त्याच वर्षीच्या विश्वचषकात मेलबर्नला पाकिस्तानविरुद्ध हरलेला सामना विराट कोहली यांनी नाबाद ८२ धावा करून ओढून आणला. आणि १० नोव्हेंबरला ॲडलेडच्या उपांत्य सामन्यात भारताच्या १६८ धावा इंग्लंडच्या सलामीच्या जोडीनेच सोळा षटकांत पार केल्या. एकही गडी बाद न करता हरला म्हणून जो सामना मी वर सांगितला, तो हाच. पुढच्याच महिन्यात बांगलादेशात एकदिवसीय मालिका गमावली, आणि त्याच दौऱ्यावर मीरपूरच्या कसोटीत ७ बाद ७४ अशा अवस्थेतून श्रेयस अय्यर व रविचंद्रन अश्विन यांनी १४५ धावांचे लक्ष्य गाठून दिले.

२०२३ साली हा लंबक दोन्ही बाजूंना अधिकच लांब गेला. जानेवारीत तिरुवनंतपुरम येथे श्रीलंकेला ३१७ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटमधील सर्वांत मोठ्या विजयाचा त्या वेळचा विक्रम झाला. ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मालिका २-१ अशी जिंकली. जूनमध्ये ओव्हलला कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याच ऑस्ट्रेलियाकडून २०९ धावांनी पराभव झाला. सप्टेंबरात आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेचा सारा संघ ५० धावांत गारद झाला. त्यानंतर मायदेशातील विश्वचषकात ते ओळीने दहा विजय. त्यांतील नववा विजय १२ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, आमच्या चिन्नास्वामी मैदानावर नेदरलँड्सविरुद्ध मिळाला. तेव्हा भारताने ४ बाद ४१० धावा केल्या, आणि फटाके दिवाळीचे कोणते व क्रिकेटचे कोणते हे बसवनगुडीत ओळखू येईना. एका आठवड्याने, १९ नोव्हेंबरला, अहमदाबादेस अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून विश्वचषक नेला. त्या रात्री बुल टेंपल रस्त्यावर इतकी शांतता होती की शेजारच्या घरातील भांडी घासल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

इतके चढउतार पाहिल्यावर मनुष्याचा पहिला कल एखादा सामना नमुना म्हणून उचलण्याकडे होतो. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. परंतु शितावरून भात कळतो तो अशासाठी, की सारा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. बसवनगुडीत कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळापुढे शेंगांची जत्रा भरते. कडलेकाई परिषे तिचे नाव. खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी रस्त्याच्या दुतर्फा भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लावतात. तेथे एक शेंग फोडून ढिगाची पारख करू पाहणारा गिऱ्हाईक मी दरवर्षी पाहतो, आणि दरवर्षी विक्रेती बाई त्याला हसते. ढिगातील प्रत्येक शेंगेची माती निराळी, ओल निराळी, दिवस निराळा. क्रिकेटचे सामने भाताच्या शितांसारखे नसतात; ते शेंगांसारखे असतात.

मूठभर शेंगा फोडल्या म्हणजे मात्र काही आकार दिसू लागतो. द्रविड यांच्या काळात संघाने २४ कसोटी सामने खेळले. १४ जिंकले, ७ हरले, ३ अनिर्णित राहिले. मायदेशी एकही कसोटी मालिका गमावली नाही. दक्षिण आफ्रिकेत आणि इंग्लंडमध्ये मात्र मालिका-विजय मिळाला नाही. म्हणजे ज्याला आपण ‘विसंगती’ म्हणतो तिच्यातही एक संगती आहे. जेथे चुकल्यावर सुधारावयास दुसरा दिवस होता, तेथे हा संघ बहुधा सुधारला. जेथे एकाच दिवसात सारे ठरावयाचे होते, तेथे तो पुन्हापुन्हा घसरला. मेहनती, सावध, आपली वही रोज तपासून पाहणाऱ्या शिक्षकाच्या वर्गाचा निकाल असाच लागावा, हे मला स्वाभाविक वाटते.

मग दोष किती आणि परिस्थिती किती? २०२२ ह्या एका वर्षात निरनिराळ्या दौऱ्यांवर आणि निरनिराळ्या प्रकारांत मिळून सात जणांनी भारताचे नेतृत्व केले. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस ऋषभ पंत मोटार-अपघातात जायबंदी झाला आणि वर्षभराहून अधिक काळ खेळू शकला नाही. पाठीच्या दुखण्यामुळे जसप्रीत बुमराह ॲडलेडलाही नव्हता आणि ओव्हललाही नव्हता. ज्या कचेरीत वर्षात सात प्रमुख बदलले आणि दोन कर्ती माणसे रजेवर गेली, तिच्या कामाचा निपटारा पाहताना कोणताही समंजस वरिष्ठ ह्या गोष्टी समासात नोंदवून ठेवील.

तथापि परिस्थितीच्या पदराआड सारेच झाकता येत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका लेखापरीक्षा खात्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि आक्षेप काढण्याची त्यांची सवय अजून सुटलेली नाही. “ओव्हलवर अश्विनला का बसवलं, एवढंच मला सांगा,” ते म्हणतात. “त्या दिवशी कसोटी गोलंदाजांत तो जगात पहिला होता. समोर ऑस्ट्रेलियाचे डावरे फलंदाज रांगेनं उभे. तुम्ही आपल्या सर्वांत चांगल्या माणसाला घरी ठेवून कामाला लागता, आणि मग म्हणता काम झालं नाही!” काकांच्या ह्या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि असावे असेही मला वाटत नाही. ढगाळ सकाळ पाहून संघ निवडला आणि प्रथम गोलंदाजी घेतली. ऊन पडले, आणि ऑस्ट्रेलियाने ४६९ धावा केल्या. ॲडलेडचाही आक्षेप खरा आहे. जुन्या काळच्या एकदिवसीय सामन्यासारखी सावध सुरुवात करून वीस षटकांचे सामने जिंकता येत नाहीत, हे इतर संघांना कळून चुकले होते. अहमदाबादेस पहिल्या दहा षटकांनंतरच्या चाळीस षटकांत भारताने अवघे चार चौकार मारले. हे नशीब नव्हे. हा भिऊन केलेला हिशेब आहे, आणि त्यात प्रशिक्षकाचा वाटा आहे.

परंतु आक्षेप नोंदविल्यावर अनुपालनही पाहावयाचे असते. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादला इंग्लंडविरुद्ध १९० धावांची आघाडी घेऊनही भारत २८ धावांनी हरला. कोहली त्या मालिकेत खेळलेच नाहीत. अशा वेळी जुनी माणसे शोधण्याची घाई होते. येथे उलट झाले. त्या मालिकेत रजत पाटीदार, सरफराझ खान, ध्रुव जुरेल, आकाश दीप आणि देवदत्त पडिक्कल अशा पाच जणांनी कसोटीत पदार्पण केले, यशस्वी जयस्वालने ७१२ धावा काढल्या, आणि भारताने पुढचे चारही सामने जिंकले. सरफराझ २०१६ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात द्रविड यांच्याच हाताखाली खेळला होता; पंतही त्याच संघातला. अर्शदीप सिंग २०१८ च्या विजयी युवा संघातला. राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचे बंगळूरचे काम द्रविड यांनी २०१९ पासून पाहिले, ते वेगळेच. पेरलेले कधी उगवेल हे सांगता येत नाही म्हणून पेरणाराच्या नावावर काहीच मांडावयाचे नाही, हा न्याय शेतीतही चालत नाही आणि कचेरीतही चालू नये.

कचेरीचा विषय निघालाच आहे, तर मला पूर्वीच्या नेमणुकीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची हकिगत सांगावीशी वाटते. अकरा महिने त्यांच्या टेबलावर कागद कधी दोन दिवसांहून अधिक राहिला नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, दोन जागा रिकाम्या असताना, एक देयक वेळेत गेले नाही आणि तरतूद परत गेली. त्या वर्षीच्या अहवालात त्यांना ‘चांगला’ हा शेरा मिळाला. बाहेरच्या माणसाला ह्यात वाईट काय, असे वाटेल. पण पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हा किमान दर्जा असेल, तर ‘चांगला’ हा शब्द दार बंद करणारी कडी ठरतो. त्यांची पदोन्नती हुकली, तिच्याबरोबर सातारच्या बाजूला बदली मिळण्याची आशाही गेली, आणि गावी एकटी असलेली त्यांची आई पुढच्याच वर्षी वारली. “मार्च सोडून बाकीचे अकरा महिने मी कुठं होतो, हे त्यांनी विचारलंच नाही,” इतकेच ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

२००८ साली एका अभियंत्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच मुद्दा धरला. पूर्वी केवळ प्रतिकूल शेरे कर्मचाऱ्याला कळवीत. न्यायालयाने म्हटले, ज्या ‘चांगल्या’ शेऱ्यामुळे पदोन्नती अडते तो परिणामाने प्रतिकूलच होय. म्हणून प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळविला पाहिजे. त्यानंतर आपल्या अहवालांतील गोपनीयता संपली. आता एक ते दहा असे गुण मिळतात, ते आपल्याला दाखविले जातात, आणि त्यांवर निवेदनही करता येते. क्रिकेटमध्ये ‘उपविजेता’ हा शब्द त्या ‘चांगल्या’ शेऱ्याचा सख्खा भाऊ आहे. २०२३ साली एकाच वर्षात भारत दोन जागतिक स्पर्धांच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि त्याचे वर्णन ‘पुन्हा अपयश’ असे झाले. २०१३ नंतर जागतिक करंडक नाही, ह्या एका वाक्यापुढे बाकीचे सारे रकाने कोरे समजले गेले.

द्रविड यांना ह्या न्यायाची चव पूर्वीच मिळालेली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने २००६ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये आणि २००७ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकल्या; डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरील पहिला कसोटी विजयही त्यांच्याच संघाचा. परंतु मार्च २००७ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेश व श्रीलंका ह्यांच्याकडून हरून संघ विश्वचषकाच्या पहिल्याच फेरीत बाद झाला, आणि कर्णधार द्रविड म्हटले की लोकांना तेवढेच आठवू लागले. मी तेव्हा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो. वसतिगृहाच्या दूरचित्रवाणीपुढे त्या रात्री जे शब्द उच्चारले गेले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. पण त्या शब्दांत ‘आपले’ हा शब्द एकदाही आला नव्हता, हे मला स्पष्ट आठवते.

अहमदाबादच्या पराभवानंतर मंडळाने त्यांची मुदत वाढविली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अन्य खेळांतही असे घडले आहे. क्लाइव्ह वुडवर्ड यांच्या हाताखालचा इंग्लंडचा रग्बी संघ १९९९ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेकडून उपांत्यपूर्व फेरीतच हरला, आणि त्या काळात मोठ्या मालिकांच्या शेवटच्या सामन्यात घसरण्याची त्याला सवयच लागली होती. वुडवर्ड राहिले, २००३ साली सिडनीला जादा वेळेच्या अखेरच्या मिनिटात जॉनी विल्किन्सनने मारलेल्या लाथेने इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला २०-१७ असे हरवून विश्वचषक जिंकला. लोक त्या लाथेला आठवतात. तिच्यामागची चार वर्षे आठवणारे थोडे.

आणि आता २९ जून २०२४, बार्बाडोसमधील ब्रिजटाउन. भारताची सुरुवात ३ बाद ३४ अशी. कोहली यांच्या ७६ आणि वरच्या क्रमांकावर पाठविलेल्या अक्षर पटेलच्या ४७ धावांमुळे १७६ झाल्या. पंधरा षटकांनंतर दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या आणि सहा गडी शिल्लक होते. तेथून भारत सात धावांनी जिंकला. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर चेंडू आत उडवून, बाहेर जाऊन, पुन्हा आत येऊन मिलरचा झेल घेतला. वीतभर फरकाने त्याच्या पायाचा स्पर्श दोरीला झाला असता, तर? खेळाडू तेच राहिले असते, सराव तोच, आखणी तीच, अर्शदीपचे त्या स्पर्धेतील बळीही तेच. बदलला असता तो फक्त शेरा. ‘सलग तिसरे अपयश, सबब मुदतवाढ देऊ नये’, असे आपण सर्वांनी एकमुखाने लिहिले असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, द्रविड यांच्या कारकिर्दीवरील शेरा २८ जून २०२४ रोजी, म्हणजे अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, लिहिला पाहिजे. त्या दिवशी हाती करंडक नव्हता, पण काम सारे संपलेले होते. माझ्याकडे तो कागद आला असता तर मी असे लिहिले असते: दीर्घ मालिकांतील कामगिरी मायदेशी उत्तम, परदेशी मध्यम. चौथ्या डावातील गोलंदाजीचा प्रश्न सुटलेला नाही. ओव्हलच्या संघनिवडीचे स्पष्टीकरण समाधानकारक नाही. वीस षटकांच्या खेळातील भीती ॲडलेडनंतर ओळखली गेली. ती घालविण्याचा प्रयत्न दिसतो, आणि चालू स्पर्धेत संघ एकही सामना हरलेला नाही. नवीन माणसे तयार करण्याचे काम अत्युत्तम. पराभवाच्या वेळी हाताखालच्यांवर दोष ढकलल्याचे उदाहरण नाही. दर्जा: अतिशय चांगला, उत्कृष्ट नव्हे.

ह्या शेऱ्यातील शेवटून दुसऱ्या मुद्द्याला मी अधिक गुण देतो. २०१८ साली युवा संघ विश्वविजेता झाला तेव्हा द्रविड यांना पन्नास लाख आणि त्यांच्या साहाय्यकांना वीस लाख, असे बक्षीस जाहीर झाले होते. द्रविड यांनी तो भेद मान्य केला नाही; शेवटी सर्वांना पंचवीस-पंचवीस लाख मिळाले. २०२४ च्या विजयानंतरही त्यांनी आपल्या वाट्याची वाढीव अडीच कोटींची रक्कम नाकारून इतर प्रशिक्षकांइतकीच घेतली. श्रेय खाली वाटणारा आणि दोष वर घेणारा अधिकारी आपल्या नोकरीत एखाददुसराच भेटतो. ज्याला भेटला त्याला त्याची किंमत ठाऊक असते.

पुढचे वर्तमान सर्वांना माहीत आहे. द्रविड गेले, गौतम गंभीर आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्याच चिन्नास्वामी मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध भारताचा डाव ४६ धावांत आटोपला आणि मायदेशातील ती मालिका ०-३ अशी गेली. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यूझीलंडला हरवून चँपियन्स करंडक जिंकला. प्रशिक्षक बदलला, चढउतार राहिले. म्हणजे त्यांतील काही भाग खेळाचा स्वभावच आहे, आणि तो वजा करूनच कोणत्याही माणसाच्या नावावर जमा-खर्च मांडला पाहिजे. काकांना मी हे सांगतो तेव्हा ते मान हलवतात आणि म्हणतात, “ते सगळं ठीक. पण अश्विन?” त्यांचा आक्षेप मी कायम ठेवला आहे. करंडक मिळाल्याने तो निकाली निघत नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण आता अशा वयात आणि अशा पदावर येत आहेत की दुसऱ्यांनी आपल्यावर शेरे लिहिण्याबरोबरच आपणही दुसऱ्यांवर लिहू लागू. नमुन्यात रकाने पुष्कळ असतात, वेळ थोडा असतो, आणि मार्चमधली शेवटची घटना डोळ्यांपुढे ताजी असते. तेव्हा तारीख कोणतीही पडो. समोरच्या माणसाचा अंतिम सामना अजून व्हावयाचा आहे असे समजून, अकरा महिन्यांचे कागद उलगडून पाहावे, आणि मग लेखणी उचलावी. घरापासून पाचशे कोस दूर त्या एका शब्दाची वाट पाहत बसलेला कोणी असतो.